ताईत कोणाच्या गळ्यात?

मंडळी, १९७४ साली अमेरिकेत आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळातले मंत्राने घडवलेले पुतळे आज आपण विचारासाठी घेऊ. प्रश्न असा, की घडवणाऱ्याचा घडवलेल्यावर हक्क येतो तो कशामुळे?

पाचव्या आवृत्तीतला 'शील्ड गार्डियन' घ्या. त्याचं नातं निर्मात्याशी नाहीच, एका ताइताशी आहे. ताईत ज्याच्या गळ्यात, तो धनी. ६० फुटांच्या आत असला की धन्याला होणाऱ्या इजेतली निम्मी तो स्वतः सोसतो. उद्या चोराने ताईत पळवून गळ्यात घातला, तर चोरासाठीही सोसेल. म्हणजे आपण जिला निष्ठा समजतो ती इथं निव्वळ मालकी निघते. 'होमंक्युलस'चं उलट आहे. धनी मेला की तोही मरतो. हे नातं चोरता येत नाही, पण सोडताही येत नाही.

दोन्हीकडे नकाराला जागा नाही. ती २००४ च्या 'एबरॉन'मध्ये मिळते. तिथले 'वॉरफोर्ज्ड' युद्धासाठी घडवलेले. थ्रोनहोल्डचा तह त्यांना स्वतंत्र व्यक्ती मानतो. ठीक. तहानं मालकी संपली. पण निर्मात्याची जबाबदारी? ज्याला लढण्यासाठीच घडवलं, त्याला 'जा, तू मोकळा' म्हणणं सोपं असतं. नियम हुकमाचं अंतर फुटांत मोजून देतात. निर्माता काय देणं लागतो, हे मात्र डंजन मास्टरलाच खेळात विचारावं लागेल. आम्हाला वाटतं, त्यानं ते जरूर विचारावं.