माळ न घालता सोडलेलं मटण

शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकावर आपल्या पोरांत जेव्हा जेव्हा बोलणं निघालं, तेव्हा ते रक्ती, वजडी आणि चान्या यांच्याच भोवती फिरलं. ज्यांनी वाचलं त्यांनी तेच सांगितलं. ज्यांनी वाचलं नाही त्यांनी तर हटकून तेच सांगितलं. पुस्तक म्हणजे जणू मटणाचा झेंडा. माझं म्हणणं वेगळं आहे. मटण न खाणाऱ्या आंबेडकरवाद्यानं हे पुस्तक आधी वाचलं पाहिजे. मी तसा एक आहे, म्हणून हे लिहितो.

आधी पुस्तकाबद्दल. ते २०१५ साली आलं. भूषण कोरगावकरांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०२४ साली आला, आणि मग कुठं शहरातल्या शहाण्यांना कळलं की मराठवाड्यात महारा-मांगाच्या घरीही चूल पेटत होती. ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ म्हणत पाटावर बसणाऱ्यांनी ज्यांचं ताट कधी पूर्ण होऊ दिलं नाही, त्यांच्या ताटाची ही नोंद आहे. जनावराचा कुठला भाग कसा शिजवायचा, कसा वाळवून टिकवायचा हे लेखक लाज न बाळगता सांगतो आणि मिरवतही नाही. ही सरळ नजर सोपी नाही. आपण भुकेवर रडलो, भुकेला शिव्या घातल्या. चुलीजवळ बसून तिच्यावर काय शिजतं ते नीट लिहून ठेवणारे थोडेच निघाले.

पण मला या पुस्तकातून उमगलेली गोष्ट मटणाची नाही. त्या चुलीला तेल, तूप, दूध यांची चैन नव्हती, तशी रोजच्या मटणाचीही नव्हती. मटण म्हणजे जत्रा, कंदुरी, पाव्हणा, नाहीतर मेलेलं ढोर. बाकीचे दिवस कशावर निघाले? भाकरी, मिरचीचा ठेचा, हुलग्याचं माडगं, ज्वारीच्या कण्या, बांधावरची भाजी. म्हणजे बिनमटणाचं जेवण आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या होतंच. त्याला ‘शाकाहार’ असं गोजिरं नाव कुणी दिलं नाही एवढंच. ते नाव गेलं तूपवाल्यांच्या ताटाला.

हे नाव कसं गेलं ते बघा. गीतेच्या सतराव्या अध्यायात अन्नाची सात्त्विक, राजस, तामस अशी वाटणी केली आहे. रसाळ आणि स्निग्ध ते सात्त्विक. शिळं आणि उष्टं ते तामस. आता सांगा, गावात शिळं कुणाच्या पदरात पडत होतं? येसकर पाळीला दारोदार फिरून भाकरीचे तुकडे कोण आणत होतं? आधी उष्टं आमच्या पदरात टाकायचं, आणि मग उष्टं खाणारा तामसी म्हणून पोथीत लिहायचं. वा रे न्याय!

शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ १९८४ साली आलं. त्यातली म्हातारी संतामाय शेणातून ज्वारीचे दाणे वेचते, धुते, दळते आणि त्याची भाकरी करते. ही भाकरी शाकाहारीच की! मटणाचा तुकडा नाही, अंडं नाही. मग तिला सात्त्विक का म्हणवत नाही? त्याच पुस्तकात शाळेची सहल आहे. सवर्णांची पोरं एका झाडाखाली, महारांची पोरं दुसऱ्या झाडाखाली, आणि जेवण झाल्यावर उरलंसुरलं आमच्या पोरांच्या वाट्याला. तिथं डब्यात काय आहे हे बघून कुणी झाड वाटून दिलेलं नाही. डबा कुणाचा आहे हे बघून दिलेलं आहे.

हा जुना जमाना झाला म्हणाल, तर २०१७ सालचं पुणे घ्या. मोठ्या पदावरच्या एका बाईनं आपल्या स्वयंपाकिणीविरुद्ध पोलिसात तक्रार केली. का, तर तिनं जात लपवून सोवळ्यातला स्वयंपाक केला. सोवळ्याच्या त्या जेवणात मटण नव्हतंच. आणि ती स्वयंपाकीण दलितही नव्हती, मराठा होती. तरी अन्न बाटलं! २०२३ साली मुंबईच्या आयआयटीत एका वसतिगृहाच्या खानावळीत शाकाहाऱ्यांसाठी वेगळी टेबलं राखली गेली आणि त्याचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला दंड ठोठावला गेला. झाड गेलं, टेबल आलं. म्हणून म्हणतो, मित्रांनो, यांचा शाकाहार भाजीवर उभा नाही. तो हातावर आणि पंगतीवर उभा आहे.

मग मी का सोडलं? सुरुवात खिशानं केली. मटणाचा भाव रोजंदारीवाल्याच्या हाताबाहेर गेला. बाजारात पिंजऱ्यात कोंबलेली ब्रॉयलर कोंबडी बघून मन मागं सरलं. पुढं धम्म वाचता वाचता ते पक्कं झालं. एवढंच. व्रत नाही, नवस नाही.

पण परभणी जिल्ह्यात मटण सोडणं सोपं, सोडल्याचं सांगणं अवघड. वस्तीत पहिला प्रश्न, “माळ घातली का रं?” आपल्याकडं मटण सोडणारा म्हणजे माळकरी, तिसरा प्रकार लोकांना ठाऊक नाही. मोठी माय म्हणाली, “पोटाचा काही आजार निघाला का बाबा? लपवू नको.” कार्यकर्ते मित्र म्हणाले, “झाला बामण!” आणि चौथी प्रतिक्रिया सगळ्यात जहरी. एका सवर्ण ओळखीच्यानं पाठीवर थाप मारली, “अरे वा! तू तर आमच्यातलाच वाटतोस.” पहिल्या तिघांत काळजी आहे, चेष्टा आहे, राग आहे. या चौथ्यात बक्षीस आहे. आणि बक्षिसालाच भ्यायचं असतं. त्याला मी म्हणालो, “साहेब, माझी माय वजडी खाते. तिच्या हातचं वरण तुम्ही खाल का?” विषय तिथंच संपला.

‘झाला बामण’ म्हणणाऱ्या मित्रांना मात्र नीट उत्तर दिलं पाहिजे, कारण ते आपले आहेत आणि त्यांच्या रागाला इतिहास आहे. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं. ते शुद्धतेसाठी नव्हतं, स्वाभिमानासाठी होतं. १९४८ साली ‘द अनटचेबल्स’मध्ये त्यांनी मांडलं की बौद्ध धम्मावर मात करण्यासाठी ब्राह्मणांनी गोमांस टाकलं आणि पुढं जाऊन शाकाहार धरला. म्हणजे त्यांच्या शाकाहारामागं करुणा नव्हती, डाव होता. मग आपण त्याच वाटेनं का जायचं, असं मित्र विचारतात. प्रश्न खरा आहे.

उत्तरही बाबासाहेबांकडंच आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये ते अहिंसेबद्दल बोलताना तत्त्व आणि नियम यांत फरक करतात. मारण्याची हौस आणि मारण्याची गरज या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात. नियम माणसाला बांधतो, तत्त्व त्याला विचार करायला मोकळं ठेवतं. विनयातली देवदत्ताची गोष्टही ध्यानात घ्या. भिक्खूंनी मासे-मांस खाऊच नये असा नियम करा, ही देवदत्ताची मागणी होती. बुद्धानं ती नाकारली. ज्याला सोडायचं त्यानं सोडावं, पण सगळ्यांवर लादू नये. भिक्खूला अट एवढीच, की जनावर आपल्यासाठी मारलेलं त्यानं पाहिलेलं, ऐकलेलं किंवा तशी शंका आलेली नसावी.

ही अट मला पाव्हणपणाला कामी येते. आपल्याकडं पाव्हणा आला की कोंबडं कापतात. घरात रुपाया नसला तरी कापतात. ते प्रेम आहे, त्याचा अपमान करायचा नाही. म्हणून मी आधी निरोप धाडतो, “माझ्यासाठी कापू नका, बेसन-भाकरी करा.” तरी शिजलंच असलं तर मी भाकरी-ठेचा घेतो आणि त्याच पंगतीत बसतो. वेगळा तांब्या मागत नाही, ताट सरकवून घेत नाही, नाकाला रुमाल लावत नाही. वाढणारी बाई रश्शाच्या हातानं भाकरी देते, ती घेतो. माझा नियम एकच. ताटातलं माझं मी ठरवीन, पंगत मात्र मोडणार नाही. शाकाहारी आंबेडकरवाद्याची कसोटी मटण न खाण्यात नाही, मटण खाणाऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसण्यात आहे.

आता खर्चाचं. मटणाऐवजी पनीर, काजू असली शहरी खुळं आपली नव्हेत. रेशनचे गहू-तांदूळ असतात, ज्वारी शिवारात आहे. डाळ महाग पडते, तिथं डोकं लावावं लागतं. शंभर ग्रॅम तूरडाळीत २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, शेंगदाण्यात २५, सोयाबीनमध्ये ३६ ते ४०. आपल्या जिल्ह्याचं शिवार सोयाबीननं भरलेलं असतं. ते मोंढ्यात जातं, तेल निघतं, पेंड कोंबड्यांना जाते. पिकवणाऱ्याच्या पोराच्या पोटात काही जात नाही. सोयाबीन कच्चं दळू नये. निवडून उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजवावं, कडक वाळवावं, मग नऊ किलो गव्हात एक किलो घालून दळून आणावं. हुलगे आणि मटकी यांना विसरू नये. भाजीवर लिंबू पिळावं म्हणजे लोह अंगी लागतं, आणि जेवल्या जेवल्या चहा ढोसू नये. परभणीच्या कृषी विद्यापीठातून २०१८ साली ‘परभणी शक्ती’ नावाची ज्वारी आली. नेहमीच्या ज्वारीपेक्षा तिच्यात लोह आणि जस्त जास्त आहे. मिळाली तर तीच घ्यावी. एक गोष्ट मात्र भाजीपाल्यात नाही, ती म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व. त्यासाठी दूध-दही पाहिजे, ते परवडत नसेल तर डॉक्टरला विचारून गोळी. निष्ठेनं रक्त वाढत नसतं.

आणि अजून एक. नवऱ्यानं मटण सोडलं की बायकोच्या चुलीवर दुसरं भगुणं चढतं. तुमच्या करुणेचं सरपण तिनं का वेचावं? ज्यानं सोडलं त्यानं आपली भाजी आपण करावी.

इथं मला पुस्तकाशी आणि एकूणच आपल्या साहित्याशी भांडायचं आहे. पाटोळे यांनी होतं ते नोंदलं, मोठं काम केलं. पण ती नोंद नाइलाजाच्या काळाची आहे. ज्या पिढीला थोडी का होईना निवड करता येते, तिनं काय खावं आणि कुठल्या कारणानं, हा पुढचा प्रश्न पुस्तक आपल्यावर सोडून देतं. आणि आपण तो उचलत नाही. आपल्या आत्मकथनांत मेलेल्या ढोराभोवतीची झुंबड आली, ती यायलाच पाहिजे होती. पण तरोटा, घोळ, कुर्डू, पाथरी खुडायला दुसऱ्याच्या बांधावर वाकलेली आणि मालकाच्या शिव्या खाऊन ओटी भरून आणणारी आपली माय किती पानांवर आली? तिला कुठली भाजी कुठल्या पावसानंतर उगवते हे पाठ होतं. आज तणनाशकाचा फवारा बसतो आणि सोयाबीनच्या पट्ट्यातली ती भाजी जळून जाते. भाजी गेली, तिची नावं चालली, आणि आपण मटण खावं की न खावं यावर भांडत बसलो.

शेवटी खबरदारीची गोष्ट. माझं मटण न खाणं माझं आहे, ते सरकारच्या कामाला येता कामा नये. ज्या २०१५ साली हे पुस्तक आलं, त्याच साली राज्यात गाईच्या जोडीला बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. गरिबाचं स्वस्त मांस गेलं, म्हातारा बैल शेतकऱ्याच्या गळ्यात राहिला. २०२५ च्या जानेवारीत शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्याचा निधी राज्य सरकारनं थांबवला. मी अंडं खात नसलो तरी वस्तीतल्या पोराच्या ताटातलं अंडं परत मागण्याच्या मोर्चात मी पुढं असणार. जो शाकाहारी तिथं दिसणार नाही, त्यानं खुशाल माळ घालावी, आपलं काही म्हणणं नाही.

पोरांनो, पुस्तक वाचा. वाचून झालं की आपल्या मायजवळ बसा आणि तिनं आयुष्यात खुडलेल्या भाज्यांची नावं उतरवून घ्या. आपल्या ताटाचा राहिलेला अर्धा भाग तिथं आहे. तो दुसरं कुणी येऊन लिहिणार नाही.

जयभीम.