उत्तरेला उगवलेला सूर्य

आमच्या महिला मंडळाच्या बायका मार्चअखेरीस शिखरजीची वंदना करून तशाच पुढं दार्जिलिंगला जाऊन आल्या. आल्यावर बस्तीशेजारच्या हॉलमध्ये त्यांनी फोटोंचं प्रदर्शन मांडलं आणि पहिला नंबर काढायला मला बोलावलं. मी सहलीला गेले नव्हते, तेव्हा मी कुणाच्या बाजूची नाही, असा त्यांचा हिशेब. फोटो एकूण ३१. त्यातले १९ टायगर हिलवरच्या पहाटेचे.

१९ पैकी १६ फोटो म्हणजे एकच फोटो सोळा वेळा. खाली काळी डोकी, वर तांबडा पट्टा, कोपऱ्यात कुणाचा तरी उंच धरलेला मोबाइल. यात बायकांचा दोष थोडा आहे आणि यंत्राचा जास्त. समोर लख्ख आकाश असलं की मोबाइल त्या उजेडाचं माप धरतो आणि अलीकडची माणसं काळी करून टाकतो. आपल्याला जे हवं त्यावर स्क्रीनवर बोट टेकवायचं, एवढं केलं तरी काम होतं. खरं पहाटे चार वाजता जीपमध्ये कोंबून आणलेल्या, कानाला मफलर गुंडाळलेल्या बाईला हे सुचायचं कसं? एकीनं फ्लॅश टाकला होता. तिच्या फोटोत पुढच्या बाईची वेणी आणि स्वेटरची वीण इतकी छान आली आहे की मी टाके मोजून घेतले.

शिखरजीवरच्या सूर्योदयाचा मात्र एकही फोटो नव्हता. ९ किलोमीटर चढण, ९ वरची टोंकं, ९ उतरण. रात्री दोन-तीनला चालायला लागलं की सूर्य वाटेतच कुठंतरी उगवतो. तिथं हातात काठी असते आणि दुसऱ्या हातात बहुतेक मागच्या बाईचा हात.

आता ज्या फोटोपुढं सगळ्या घोळका करून उभ्या होत्या, त्याबद्दल. फ्रेम केलेला, मोठा. मधोमध कांचनजंगा, सोनेरी. तिच्या मागून वर येणारा सूर्य, किरणं पसरलेली. पहिला नंबर याचाच असं बायकांनी आधीच ठरवलं होतं, मी नुसती चिठ्ठी लिहायची होती. फोटो माझ्या धाकट्या जाऊबाईंचा.

टायगर हिलला मी पूर्वी एकदा गेले आहे, नोव्हेंबरात. ती टेकडी आठ-साडेआठ हजार फूट उंच. कांचनजंगा ८,५८६ मीटर, म्हणजे टेकडीहून सहा किलोमीटर वर. त्यामुळं सूर्य आपल्याला दिसायच्या आधीच त्याचा उजेड शिखराला लागतो. गंमत अशी, की त्या वेळी सगळी गर्दी पूर्वेकडं तोंड करून उभी असते आणि शिखर असतं डावीकडं, वायव्येच्या अंगानं, जवळजवळ उत्तरेला. आधी निळसर, मग आतून निखारा फुंकल्यासारखं गुलाबी, मग पिवळं आणि मग नुसतं पांढरं. हे सगळं काही मिनिटांत उरकतं. ज्यानं मान वळवली त्यालाच ते दिसतं. सूर्य आणि हे शिखर मोबाइलच्या एका साध्या चौकटीत मावत नाहीत. आणि शिखराच्या मागून सूर्य उगवणं तर वर्षातल्या कुठल्याच दिवशी शक्य नाही.

मी चिठ्ठी लिहिली नाही. "हे चित्र जोडलेलं आहे," एवढंच म्हणाले. हॉलमध्ये एकदम शांतता पसरली. जाऊबाई चपला घालून निघून गेल्या.

दोन दिवसांनी दुपारी त्या आल्या. बसल्या नाहीत, दारातच उभ्या राहून बोलल्या.

"अक्का, तुमचं खरं आहे. नातवानं करून दिलंय ते. खरं आम्हाला काहीच दिसलं नाही हो. पूर्वेला पाच मिनिटं लाल झालं आणि मग सगळं धुकं. डोंगर म्हणून नाही दिसला. बावीस वर्षांत पहिल्यांदा एकटी घराबाहेर पडले, ह्यांनी पैसे मोजून दिले. आल्या आल्या विचारलं, काय बघितलंस? धुकं म्हणून सांगू?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. चित्र खोटं आहे हे मी ओळखलं, पण ते कुणासाठी काढलं असेल हा विचार माझ्या मनातही आला नव्हता. परीक्षक म्हणून हे माझं कमीपण.

सत्यजित राय यांचा १९६२ सालचा 'कांचनजंघा' मी त्या रात्री पुन्हा लावला. त्यांचा तो पहिला रंगीत चित्रपट. कलकत्त्याचं एक बडं कुटुंब दार्जिलिंगला आलंय, सुट्टीचा शेवटचा दिवस आहे आणि शिखर काही दिसत नाही. घरच्या कर्त्या पुरुषाला ते बघायचंच आहे. सगळा चित्रपट बायका-मुली धुक्यातून फिरतात आणि घरात कधी न बोललेलं बोलतात. शेवटी धुकं हटतं, शिखर समोर लखलखतं, तेव्हा त्या गृहस्थांचं तिकडं लक्षही नसतं. त्यांनी धुकं अडचण म्हणून वापरलं नाही, बोलायला मिळालेली जागा म्हणून वापरलं. एरवी शिखराकडं बोट दाखवून सगळे गप्प झाले असते.

सकाळी मी जाऊबाईंना फोन केला. म्हटलं, धुक्यातला एखादा असला तर पाठवा.

त्यांनी तीन पाठवले. दोन हललेले. तिसऱ्यात सात-आठ बायका रेलिंगला टेकून उभ्या आहेत आणि समोर नुसतं पांढरं. बाजूला तिथली एक कॉफी विकणारी बाई थर्मास घेऊन थांबली आहे आणि आमच्यातली कुणीच कप हातात घेत नाही. कारण चौघींचा नेम, सूर्योदयानंतर दोन घटका झाल्याशिवाय पाणीही नाही, आणि सूर्य तर दिसलेला नाही. एकीजवळ घरून नेलेल्या कॅलेंडरचं पान आहे, ते बेळगावचं. आमची निवृत्त शिक्षिका बोटं मोजत तिला समजावते आहे, तिकडचा सूर्य आपल्यापेक्षा जवळजवळ तासभर आधी उगवतो म्हणून. बाकीच्या पोट धरून हसत आहेत. जाऊबाई यात नाहीत, फोटो त्यांनीच काढलाय. उजेड सगळीकडून सारखा आल्यामुळं एकीचाही चेहरा काळा पडलेला नाही.

हा फोटो प्रदर्शनात का लावला नाही, असं विचारलं. "त्यात काय आहे?" म्हणाल्या.

पहिला नंबर मी या फोटोला दिला. मंडळाला तो मान्य नाही, प्रदर्शनात नसलेल्या फोटोला बक्षीस कसं, असं अध्यक्षबाईंचं म्हणणं आहे आणि नियमानं ते बरोबरच आहे. जाऊबाईंच्या हॉलमध्ये उत्तरेचा सूर्य अजून टांगलेला आहे. पाहुणे आले की भावजी तो कौतुकानं दाखवतात. मी तिथं असले तर जाऊबाई माझ्याकडं बघतात, आणि मी चहाचे कप उचलून आत जाते.