तपासणी, कबुली, निवेदन : गुप्तरोगाच्या मराठी संहितांतील अनुपस्थित ग्राहक

पुणे-मुंबई लोहमार्गावरील देहूरोड या स्थानकाच्या नावात दोन भिन्न सृष्टी एकत्र आल्या आहेत. 'देहू' हा शब्द तुकोबांच्या गावाकडे बोट दाखवतो. प्रत्यक्षात स्थानकाभोवती पसरलेली आहे ती लष्करी भांडारांची, दारूगोळ्याच्या कारखान्याची आणि छावणी मंडळाची वसाहत. एकीकडे स्वतःविषयी सर्व काही उघड सांगणारा संतकवी, तर दुसरीकडे नोंद, शिस्त आणि तपासणी यांवर उभी राहिलेली छावणी. गुप्तरोग, त्याची चाचणी आणि तो दुसऱ्यास सांगणे या विषयाचा मराठी साहित्याच्या अंगाने विचार करताना ही दोन टोके उपयोगी पडतात. वेश्या आणि ग्राहक यांच्यातील व्यवहारात कोण तपासले जाते आणि कोण बोलते, हे दोन प्रश्न परस्परांपासून वेगळे करून पाहिल्याखेरीज मराठीतील यासंबंधीच्या संहितांचे नीट वाचन होऊ शकत नाही.

आरंभ नावापासूनच करावयास हवा. भावमिश्राच्या सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात उपदंशसदृश रोगास 'फिरंगरोग' म्हटले आहे. रोग परक्याचा, फिरंग्याचा, असा निर्वाळा त्या नावातच दिला गेला आहे. युरोपातही शेजारच्या राष्ट्राचे नाव या रोगास देण्याची रीत होतीच. 'सिफिलिस' हे नाव मात्र एका काव्यातून आले : इटालियन वैद्य व कवी फ्राकास्तोरो याने १५३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लॅटिन काव्यातील सिफिलस या मेंढपाळावरून. म्हणजे ज्या रोगाचा कलंक पुढे स्त्रीच्या देहावर कायमचा कोरला गेला, त्याचे शास्त्रीय नाव एका पुरुषपात्राचे आहे. मराठी बोलीत 'गरमी' आणि 'परमा' हे शब्द रूढ होते. ते लक्षणांकडे निर्देश करतात. 'गुप्तरोग' हा शब्द तसे करत नाही. गुप्त भागाचा रोग आणि गुप्त ठेवावयाचा रोग हे दोन्ही अर्थ तो एकदमच वाहतो. त्यामुळे मराठीत हा रोग उच्चारणे म्हणजेच काहीतरी फोडणे ठरते. निवेदनाचा प्रश्न येथे शब्दाच्या पातळीवरच उपस्थित झालेला आहे.

या शब्दाला संस्थात्मक रूप दिले ते वसाहतकालीन छावणीने. १८६४ चा छावणी कायदा आणि १८६८ चा सांसर्गिक रोग कायदा यांन्वये वेश्यांची नोंदणी, ठरावीक काळाने शारीरिक तपासणी आणि रोग आढळल्यास 'लॉक हॉस्पिटल'मध्ये स्थानबद्धता अशी व्यवस्था करण्यात आली. सैनिकाचे आरोग्य हा तिचा हेतू होता. परंतु नोंदवही ठेवली गेली ती स्त्रीची. इंग्लंडमध्ये जोसेफाइन बटलर यांनी तेथील तशाच कायद्याविरुद्ध उभारलेल्या चळवळीचा आक्षेप याच असमतेवर होता. हिंदुस्थानातील कायदा १८८८ मध्ये रद्द झाला. देहूरोडची छावणी त्यानंतरची, विसाव्या शतकातील. तिला हा कायदा लागू होण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु कायदा गेला तरी त्याने घडवलेली दृष्टी मागे राहिली. तपासण्याजोगा देह स्त्रीचा आणि वाचवण्याजोगा देह पुरुषाचा, ही ती दृष्टी होय. या लेखाचे प्रतिपादन असे की, मराठी साहित्याने वेश्येविषयी करुणा दाखवली, विद्रोहही केला. मात्र या दृष्टीची मांडणी त्याने क्वचितच मोडली.

या संदर्भात र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' या मासिकाचे वाचन वाङ्मयीन संहिता म्हणून अद्याप पुरेसे झालेले नाही. जुलै १९२७ पासून नोव्हेंबर १९५३ पर्यंत चाललेल्या या मासिकाने गुप्तरोग हा विषय नीतीच्या कक्षेतून काढून आरोग्याच्या कक्षेत आणला, हे सर्वज्ञात आहे. समीक्षेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे ती त्यातील प्रश्नोत्तरांची रचना. नाव न सांगता प्रश्न विचारणारा वाचक आणि नावानिशी उत्तर देणारा संपादक, असे हे नाते आहे. विचारणारा झाकलेला आहे, पण त्याचा प्रश्न झाकलेला नाही. प्रश्नकर्त्यास पाप कबूल करावयास न लावता त्याला माहिती दिली जाते. १९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला तो अशा प्रश्नोत्तरांवरूनच, आणि त्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कामाठीपुऱ्यातील स्त्रियांपुढे १९३६ मध्ये भाषण करून तो व्यवसाय सोडण्याचे आवाहन करणारे आणि २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना करणारे आंबेडकर हेच. व्यवसायास विरोध आणि लैंगिक प्रश्न विचारण्याच्या अधिकाराचे समर्थन या दोन भूमिका त्यांच्या ठायी एकत्र नांदतात, ही बाब नैतिकता आणि आरोग्य यांची सरमिसळ करणाऱ्या समीक्षेने ध्यानी घ्यावयास हवी.

'समाजस्वास्थ्य'च्या पानांवर पुरुष विचारताना तरी दिसतो. सर्जनशील साहित्यात मात्र तो बहुधा दिसेनासा होतो. नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपिठा'चे उदाहरण निर्णायक ठरावे. त्या संग्रहाला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे आणि आपणास न कळलेल्या शब्दांची यादी तीत ते देतात. मध्यमवर्गीय वाचक या वस्तीत अनभिज्ञ म्हणूनच शिरतो, हे त्या यादीतून सूचित होते. परंतु प्रत्यक्ष वस्तीत रोज शिरणारा ग्राहक तितकाच अनभिज्ञ असतो काय, हा प्रश्न प्रस्तावनेच्या चौकटीबाहेर राहतो. याच संग्रहातील 'मंदाकिनी पाटील' या कवितेचे शीर्षक पाहावे : नाव, आडनाव, वयाचा निर्देश आणि व्यवसाय. लॉक हॉस्पिटलच्या नोंदवहीतील रकान्यांचा हाच क्रम असावा असे वाटण्याइतके हे शीर्षक नोंदीसारखे आहे. त्यापुढे 'संकल्पित कोलाज' हे शब्द जोडून कवी ती नोंद मोडतो. नोंदवहीतून मिळणारी स्त्री ही तुकड्यांची मांडणी आहे, असे जणू बजावतो. ढसाळांच्या सामर्थ्याचे हे एक मर्म होय. तरीही या मांडणीत नाव पडते ते तिचेच. ढसाळांच्या 'कामाठीपुरा' या नंतरच्या कवितेत रोग व्यक्तीचा न राहता इतिहासाच्या अंगावर उठलेली खूण होतो. हे रूपक भव्य आहे. पण रोगाला रूपक करण्याची किंमत असते. सूझन सोन्टॅग यांनी १९७८ आणि १९८९ मधील आपल्या दोन निबंधग्रंथांत दाखवल्याप्रमाणे, रूपक झालेला रोग रुग्णाच्या हातून निसटतो. रोग शतकांचा झाला की तो कोणी कोणास दिला, हा साधा प्रश्न विचारता येईनासा होतो.

तो साधा प्रश्न विचारला गेला तो कवितेत नव्हे, आत्मचरित्रात. मलिका अमर शेख यांच्या 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) या पुस्तकात पतीकडून आपल्याला झालेल्या गुप्तरोगाविषयी लेखिका लिहिते. मराठीत हे वाक्य अपूर्व आहे ते त्यातील धिटाईमुळे नव्हे, तर त्याच्या कारकरचनेमुळे. येथे रोग होणारी व्यक्ती आहे आणि रोग आणणारी व्यक्तीही आहे. वस्ती आणि घर यांमध्ये ये-जा करणारा पुरुष प्रथमच वाक्याचा घटक होतो. अशा संहितेचे वर्णन करताना समीक्षेला 'प्रांजळ', 'कबुलीवजा' ही विशेषणे सहज सुचतात. त्यांपैकी दुसरे विशेषण सरळसरळ चुकीचे आहे. कबुली देतो तो ज्याच्याकडून काही घडले आहे तो. येथे जे सांगितले आहे ते सांगणाऱ्या स्त्रीने केलेले नाही. तिच्यावर ओढवलेले आहे. साक्षीला कबुली म्हणणे म्हणजे फिर्यादीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे होय. मिशेल फूको यांनी १९७६ मध्ये लैंगिकतेच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात कबुलीजबाबाकडे सत्तेचे तंत्र म्हणून पाहिले. त्या विवेचनाचा आधार घेणाऱ्या मराठी समीक्षेने तरी हा भेद सांभाळावयास हवा होता.

न सांगण्याची नाट्यमयता पाश्चात्त्य रंगभूमीने लवकर ओळखली होती. इब्सेनच्या १८८१ मधील 'घोस्ट्स' या नाटकात रोगाचे नाव न घेता त्याची छाया घरभर पसरते. फ्रेंच नाटककार ब्रिय याच्या 'लेझाव्हारिए' या नाटकात वैद्य रोगी वराला विवाह लांबणीवर टाकण्यास सांगतो, वर ऐकत नाही आणि वैद्य वधूपक्षास काही कळवू शकत नाही. १९०१ मध्ये या नाटकाच्या प्रयोगावर पॅरिसमध्ये बंदी आली. वैद्याने गुपित राखावे की वधूस सावध करावे, हा पेच भारतात १९९८ मध्ये 'मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि नियोजित वधूचा हक्क वरचढ ठरवला गेला. साहित्याने सोडलेला पात्रसंबंध कायद्याला हाताळावा लागला, असे येथे म्हणता येईल.

एचआयव्हीच्या आगमनाने या पात्रसंबंधात आणखी एक घटक आला. भारतात १९८६ मध्ये चेन्नईतील वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या रक्तनमुन्यांत हा विषाणू प्रथम आढळला. तपासणी पुन्हा स्त्रीचीच होती. १९९२ मध्ये देहूरोडपासून फार दूर नसलेल्या भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. चाचणीच्या निदानाचे स्वरूप येथे निवेदनशास्त्राच्या दृष्टीनेही पाहण्यासारखे आहे. प्रतिपिंड शोधणाऱ्या चाचणीत लागण झाल्यानंतर काही आठवडे विषाणू हाती लागत नाही. म्हणजे 'दोष नाही' हे विधान वर्तमानकाळी दिसले तरी त्याचा अर्थ भूतकाळी असतो. त्यानंतरच्या काळाविषयी ते मौन बाळगते. ग्राहक स्त्रीकडून मागतो ती ग्वाही मात्र वर्तमानाची आणि भविष्याचीही असते. स्वतःविषयी अशी ग्वाही तो देत नाही. उलटपक्षी, आजच्या औषधोपचाराने रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका कमी राहिल्यास लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे सिद्ध झाले आहे. म्हणजे 'दोष आहे' या विधानाचाही पूर्वीचा भयसूचक अर्थ आता टिकत नाही. चाचणीचा कागद हा अशा रीतीने वाचावा लागणारा मजकूर आहे.

सांगण्यातील विषमता २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ओळखली. चाचणीस माहितीपूर्ण संमती हवी असे तो म्हणतो. बाधित व्यक्तीवर प्रसार टाळण्याचे कर्तव्य ठेवतो. पण सांगितल्यामुळे हिंसा वा परित्याग ओढवण्याची वाजवी भीती असलेल्या स्त्रीला त्यातून सूट देतो. सत्य सांगणे सर्वांना सारख्याच किमतीत पडत नाही, हे येथे कलमाच्या भाषेत मान्य झाले आहे. मराठी समीक्षेने 'अनुभवाची प्रामाणिकता' हा निकष वापरताना ही किंमत कधी हिशेबात धरली नाही.

सांगलीत १९९२ पासून काम करणाऱ्या 'संग्राम' संस्थेतून १९९६ मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. परिषदेतील स्त्रियांनी रंगभूमीवर आणलेल्या नाटकाचे नाव आहे 'माय मदर, द घरवाली, हर मालक, हिज वाइफ'. हे शीर्षक 'मंदाकिनी पाटील' या शीर्षकाशेजारी ठेवून पाहावे. तेथे एकच स्त्री आणि तिचा व्यवसाय. येथे षष्ठी विभक्तीने बांधलेली नात्यांची साखळी आहे. 'मालक' म्हणजे नेहमीचा जोडीदार. ग्राहकापुढे निरोधाचा आग्रह धरता येतो. मालकापुढे तो धरणे म्हणजे नात्यावरच अविश्वास दाखवणे ठरते. धोका परक्याकडून नव्हे, तर आपल्याकडून येतो, आणि त्या साखळीच्या शेवटी, वस्तीपासून दूर, काहीही न सांगितली गेलेली एक पत्नी उभी असते. 'फिरंगरोग' या शब्दाचे हे नेमके खंडन आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की, साहित्य म्हणजे आरोग्यप्रचार नव्हे. आक्षेप रास्त आहे. परंतु तो येथे लागू पडत नाही. मागणी प्रबोधनाची नाही, निवेदनातील रिकामी जागा ओळखण्याची आहे. ग्राहकाला कबुलीसाठी उभे करणे हाही उपाय नव्हे. त्याने नोंदवहीतील रकाना केवळ बदलेल. मराठी परंपरेत याहून वेगळी शक्यता आहे. नवविधा भक्तीतील अखेरची भक्ती आत्मनिवेदनाची. तुकोबा आपले उणेपण लपवीत नाहीत, कारण ऐकणारा त्यांना शासन करणार नाही असा त्यांचा भरवसा आहे. गणिकेची कन्या कान्होपात्रा हिने बीदरच्या बादशहाचे बोलावणे नाकारून आपले गाऱ्हाणे घातले तेही अशाच श्रोत्यापुढे. सांगणे सांगणाऱ्याच्या धैर्यावर जितके, तितकेच ऐकणाऱ्याच्या स्वरूपावर अवलंबून असते. देहूच्या वाटेवर हा श्रोता गृहीत होता. छावणीच्या नोंदवहीत त्याला जागा नव्हती. गुप्तरोगाच्या मराठी संहिता वाचताना लेखिकेने किती उघड केले याची मोजदाद करणारी समीक्षा नकळत नोंदवहीचेच काम करीत असते. अशा निवेदनास योग्य श्रोता होणे, आणि त्या निवेदनात जो पुरुष उपस्थित असूनही वाक्यात येत नाही त्याची जागा दाखवून देणे, हे तिचे खरे काम आहे.