दोन दारिद्र्ये

दोन वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या वाचनालयात माझे भाषण झाले. विषय ‘कादंबरी आणि गरिबी’ असा होता. बोलण्याच्या भरात मी म्हणून गेलो की, दारिद्र्याला रंग नसतो. उपाशी गोऱ्याची भूक आणि उपाशी काळ्याची भूक एकच. टाळ्या पडल्या. अशा वाक्यांना टाळ्या पडतातच, आणि त्या पडतील हे ठाऊक असल्याशिवाय वक्ताही ती वाक्ये बोलत नाही. सभा संपल्यावर तेथले म्हातारे ग्रंथपाल जवळ आले व एक जुने इंग्रजी पुस्तक हातात देऊन म्हणाले, “गुरुजी, तुमच्या त्या उपाशी गोऱ्याची गोष्ट यात आहे. सवडीने वाचा आणि मग पुन्हा या.”

पुस्तक होते मार्गरित द्युरास या फ्रेंच लेखिकेच्या १९५० सालच्या कादंबरीचा अनुवाद, ‘द सी वॉल’. मूळ नावाचा अर्थ ‘पॅसिफिकला घातलेला बांध’ असा आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. इंग्रजी कादंबरी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचावी लागते. मे महिन्याची सुट्टी त्यात गेली, आणि मी टाळ्या घेतलेले ते वाक्यही त्यातच गेले. ते कसे गेले, एवढेच मला येथे सांगायचे आहे.

कथा व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओस मिळून जो फ्रेंच इंडोचायना होता तेथली, १९३० च्या सुमाराची. उत्तर फ्रान्समधली एक शाळामास्तरीण वसाहतीच्या जाहिराती पाहून नवऱ्याबरोबर या मुलखात येते. नवरा मरतो. पदरात दोन मुले. ती फ्रेंचच्या आणि पियानोच्या शिकवण्या करते, मग दहा वर्षे ‘ईडन’ नावाच्या सिनेमागृहात मूकपटांसाठी पियानो वाजवते, आणि साठवलेल्या सगळ्या पैशांतून सरकारी पट्ट्याने समुद्राकाठची जमीन घेते. मोजणी खात्याच्या अधिकाऱ्यांना लाच चारायची असते हे तिला ठाऊक नसते. म्हणून तिच्या वाट्याला अशी जमीन येते की, जिच्यावर दर साली भरतीचे खारे पाणी चढते आणि भात करपून जाते. मुदतीत जमीन लागवडीखाली आली नाही तर सरकार ती परत घेणार आणि दुसऱ्या एखाद्या भाबड्या कुटुंबाला देणार. मग ती आसपासच्या शेकडो शेतकऱ्यांना गोळा करते व कांदळाच्या ओंडक्यांचा बांध घालते. खेकडे तो आतून पोखरतात आणि एका रात्रीत समुद्र त्याचा फडशा पाडतो.

मी खाडीकाठचा माणूस. खारीचा बांध फुटला म्हणजे गावाचे काय होते ते मी लहानपणी पाहिले आहे, आणि खेकडा काय करू शकतो हे मला कोणी समजावून सांगायला नको. त्यात ती बाई माझ्याच पेशातली. तिने अधिकाऱ्यांना लिहिलेले ते लांबलचक पत्र वाचताना मला दोनदा पुस्तक मिटावे लागले. संताप अक्षरांतून वाहून जाऊ नये म्हणून प्रत्येक शब्द जपून लिहिण्याची ही शाळामास्तरांची रीत द्युरासला अचूक सापडली आहे. तिची स्वतःची आई मारी दोनादिय्यू हीही सायगावच्या बाजूला शिक्षिका होती आणि कंबोडियाच्या किनाऱ्यावर तिची अशीच फसवणूक झाली होती. एवढ्यावरून ‘मी म्हणत होतो तेच खरे’ असे मला वाटू लागले होते.

पण या घरात एक नोकर आहे. रस्त्याच्या कामावर मार खाऊन खाऊन बहिरा झालेला एक मलायी माणूस. सगळे त्याला ‘कॉर्पोरल’ म्हणतात. दुसरे नाव त्याला नाही. घरात खायला नाही, छप्पर गळते, बँक कर्ज देत नाही, आणि तरीही घरात नोकर आहे! पहिल्या वाचनात मला यात काही वावगे वाटले नाही. मैदानातल्या व्हिएतनामी आणि इतर शेतकऱ्यांची मुले येथे पटकीने मरतात, जंतांनी मरतात, भुकेने हिरवे आंबे खाऊन मरतात. ही वाक्ये लेखिकेने दया न भाकता लिहिली आहेत, म्हणूनच ती अंगावर येतात. पण त्या मुलांना नावे नाहीत. ती कोणाची, हे कळत नाही. पावसाबरोबर यावी आणि पावसाबरोबर जावी तशी ती येतात व जातात. बांध फुटल्यावर आईचे काय झाले हे सांगायला सारी कादंबरी आहे. त्या बांधावर राबलेल्यांचे काय झाले हे थोडक्यात आटोपते.

माझ्या मनात आले, हीच गोष्ट त्या नाव नसलेल्या माणसांच्या बाजूने कोणी लिहिली असेल काय? लिहिली होती, आणि तीही द्युरासच्या तेरा वर्षे आधी. न्गो तात् तो हा जुन्या पद्धतीने चिनी ग्रंथ शिकलेला पंडित पुढे वृत्तपत्रात आला, आणि १९३७ साली त्याने ‘तात् देन’ लिहिली. अर्थ, ‘दिवा मालवला’. पुण्याला असलेल्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने तिच्या इंग्रजी अनुवादाची छायाप्रत मिळवून पाठवली.

ही कथा उत्तरेकडची, तोंकिनमधली. द्युरासच्या मैदानापासून दूरची, पण राज्य तेच आणि काळही जवळपास तोच. गावात डोईपट्टीचे दिवस आहेत. ढोल-झांजा वाजताहेत, कर न भरणाऱ्यांना बांधून आणले जात आहे. १९२० पासून तोंकिनमध्ये अठरा ते साठ वर्षांच्या प्रत्येक पुरुषाला अडीच पियास्त्रांची डोईपट्टी होती. जमीनदार असो की शेतमजूर, रक्कम तीच. हा नियम एतद्देशीयांसाठी होता. दाऊ नावाचा आजारी शेतकरी ती भरू शकत नाही आणि त्याला धरून नेतात. त्याची बायको शेजारच्या गावच्या धनाढ्याच्या दारी जाते, घरची कुत्री पिलांसकट विकते, आणि त्यांच्याबरोबर सात वर्षांची मुलगी विकते. मुलीचे नाव ‘ती’. मराठीत लिहिताना हे नाव सर्वनामासारखे दिसते; त्याला माझा इलाज नाही. सगळ्याचे मिळून दोन पियास्त्र येतात. त्या घरात मुलीला कुत्र्यांच्या पुढचे उरलेले अन्न खायला लावतात. आणि पैसे घेऊन आई परतते तेव्हा तिला सांगण्यात येते की, मेलेल्या दिराचीही डोईपट्टी बाकी आहे. वहीत त्याचे नाव आहे ना!

मी गणित शिकवतो, म्हणून मला हिशेब केल्यावाचून राहवले नाही. द्युरासच्या कादंबरीत रबरमळेवाल्याचा एक श्रीमंत मुलगा त्या आईच्या मुलीच्या, सुझानच्या, मागे लागतो. आई ते चालू देते. लग्न जमले तर नवा बांध घालता येईल हा तिचा हिशेब. तो मुलगा आधी ग्रामोफोन देतो आणि पुढे एक हिरा देतो. हिऱ्याची किंमत वीस हजार फ्रँक सांगितली जाते, आणि त्यात डाग आहे असे निघाले तरी आई वीस हजारांचा हेका सोडत नाही. १९३० पासून दहा फ्रँकांचा एक पियास्त्र असा दर होता. म्हणजे त्या डागी हिऱ्याचे दोन हजार पियास्त्र. दाऊच्या बायकोला मुलगी, कुत्री आणि पिले यांचे मिळून दोन आले. एक हजार पट! दोन्ही आया गरीब, दोघी नाइलाजाने पोटच्या मुलीकडे किंमत म्हणून पाहतात. मी केलेल्या भाषणात या दोघी शेजारी शेजारी बसल्या असत्या.

पण पटीपेक्षाही एक फरक मला मोठा वाटतो. सुझान ‘नाही’ म्हणू शकते. हिरा ठेवून घेऊन त्या मुलाला दाराबाहेर काढता येते. आई शहरात जाऊन जवाहिऱ्यांचे उंबरठे झिजवते, रागावते, भांडते. तिच्यावर अन्याय झाला आहे हे तिला बोलता येते, कारण तिला न्याय मिळायला हवा होता असे तिच्या जगात सर्वांना मान्य आहे. ती फसवली गेली ती गोरी असूनही; दाऊची बायको फसवलीच गेलेली नाही. तिच्या बाबतीत सगळे नियमाप्रमाणे झाले. कर कायदेशीर, वही कायदेशीर, वसुली कायदेशीर. एकीचे दारिद्र्य हा व्यवस्थेतला अपघात आहे, दुसरीचे दारिद्र्य हीच व्यवस्थेची जमाबाजू आहे. त्या पियास्त्रांतूनच रस्ते झाले, पगार झाले. मीठ, दारू आणि अफू यांचे मक्ते शतकाच्या आरंभी गव्हर्नर-जनरल दूमेर याने सरकारच्या मुठीत आणले, त्यांचाही पैसा याच गावांतून गेला.

‘तात् देन’मध्ये गोरा माणूस जवळजवळ दिसतच नाही. गावकामगार, शिपाई, सावकार, मंडारिन म्हणवणारा अधिकारी, सारे व्हिएतनामी. आपल्यातले काही वाचक यावर म्हणतील की, मग दोष गोऱ्यांचा कसा? मलाही क्षणभर तसे वाटले. परंतु चाळीस हजारांच्या आसपास युरोपियन आणि दोन कोटींहून अधिक एतद्देशीय, अशा मुलखात गोऱ्याने प्रत्येक झोपडीत यायचे कारणच काय? तो दिसत नाही हीच त्याच्या राज्याची परिपूर्णता होय. न्गो तात् तोने हे शब्दांत कोठेही सांगितलेले नाही. तो फक्त ढोल वाजवत ठेवतो.

गोरा दिसतो तो द्युरासच्या पुस्तकात, आणि तो तिने असा दाखवला आहे की व्हिएतनामी लेखकालाही जमले नसते. शहराचा वरचा भाग: रुंद रस्ते, पाणी मारून धूळ बसवलेली, रोजची अंघोळ, पांढरे कपडे. ट्रामगाड्या त्या भागाला वळसा घालून खालच्या वस्त्यांतून फिरतात, कारण ट्रामने जाणारा गोरा हा गोऱ्यांतच जमा नाही. उसना पोशाख घालून सुझान त्या रस्त्याने चालते आणि सगळ्यांच्या नजरा तिच्या पाठीला चिकटतात. ही दोन-चार पाने जागतिक वाङ्मयात मोलाची आहेत असे मी म्हणेन. रबराच्या चिकाबरोबर तेथे रक्तही वाहत होते हे ती विसरत नाही. रबरमळ्यांतल्या मजुरांनी १९३० साली फू रिएंग येथे, मिशलिन कंपनीच्या मळ्यावर, संप केला होता. त्यांच्यातलाच एक, त्रान तू बिन्ह, याने पुढे त्याच्या आठवणी लिहिल्या. ज्यांना हिरा कोठून येतो हे पाहायचे असेल त्यांनी त्या पाहाव्यात.

द्युरासला मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाही. पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘बांध’ लिहिण्याच्या दहाच वर्षे आधी, १९४० साली, ती पॅरिसमध्ये वसाहत मंत्रालयात नोकरीस होती आणि दोनादिय्यू या आपल्या खऱ्या आडनावाने तिने एका सहलेखकाबरोबर फ्रेंच साम्राज्याची थोरवी सांगणारे पुस्तक लिहिले. म्हणजे ज्या जाहिरातींनी आईला फसवले त्याच जातीचा मजकूर मुलीने तयार केला! हे कळल्यावर कादंबरीबद्दलचा माझा आदर उलट वाढला. दहा वर्षांत एवढे अंतर चालून येणे सोपे नाही. पण ती जेथपर्यंत आली तेथे कॉर्पोरल उभा होता, आणि त्याच्यापुढे ती गेली नाही.

ग्रॅहॅम ग्रीनची ‘द क्वाएट अमेरिकन’ (१९५५) पुष्कळांनी वाचलेली असते. तिच्यातली फुओंग दोन गोऱ्यांच्या वादातली वस्तू होऊन राहते, एवढेच येथे पुरे. याहून मर्मभेदक पुस्तक वू त्रोंग फुंग याचे आहे. सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने गेलेला हा लेखक. परदेशी पलटणीतल्या सोजिरांशी संसार थाटणाऱ्या व्हिएतनामी बायकांविषयी त्याने १९३४ साली वृत्तान्त लिहिला आणि त्या प्रकाराला चक्क ‘उद्योग’ म्हटले. ते सोजीर त्यांच्या युरोपात कफल्लक. त्या छावणीच्या गावात मात्र गिऱ्हाईक. गोऱ्यांतला शेवटचा माणूस कोठून सुरू होतो हे पाहायला याहून चांगली जागा नाही.

आता जे प्रसंगाने आले ते लपवून ठेवीत नाही. माझी पहिली कादंबरी एका गरीब मास्तराच्या घरावर आहे. घर आमचेच. तिच्यातल्या गरिबीच्या चित्रणाची तारीफ झाली, आणि मी ती तारीफ खिशात घालून बरीच वर्षे हिंडलो. ही दोन पुस्तके संपल्यावर मी ती कादंबरी पुन्हा उघडली. आमच्याकडे भांडी घासायला एक बाई यायची. कादंबरीतही ती येते. नऊ वेळा येते, मी मोजले. एकदा ती चहासाठी थांबते, एकदा तिच्या अंगावर ताप असतो. तिला नाव नाही. आईला विचारले तर आईही आठवत बसली.

म्हणून ‘तात् देन’मधला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. अर्धमेल्या नवऱ्याला पुन्हा बांधून न्यायला शिपाई येतात. दाऊची बायको आधी स्वतःला लेकरू आणि त्यांना आजोबा म्हणून विनवते. मार बसल्यावर ‘मी’ आणि ‘तुम्ही’ असे बरोबरीने बोलते. आणि नवऱ्याच्या अंगावर ते धावतात तेव्हा ती आजी होते आणि शिपायाला अरे-तुरे करते. मग त्यांना उचलून आपटते. व्हिएतनामी भाषेत नात्यांच्या शब्दांनीच ‘मी’ आणि ‘तू’ सांगतात, म्हणून हे तीन शब्दांत होते. इंग्रजीत ते सारे एकाच ‘यू’मध्ये बुडून जाते; टीप वाचली नसती तर मलाही कळले नसते. मराठी वाचकाला मात्र ते समजावून द्यायला नको. ‘मायबाप’पासून ‘तू कोण रे’पर्यंतचे अंतर आपल्याकडेही पिढ्यांचे आहे. द्युरासच्या आईने आपला संताप पत्रात उतरवला, आणि तिच्या मुलीला लिहिता येत होते म्हणून त्याची कादंबरी झाली. या बाईजवळ तीन सर्वनामे होती आणि दोन हात होते.

ग्रंथपालांकडे मी पुन्हा गेलो. दोन्ही पुस्तके झाली, आता मी पूर्वीचे वाक्य मागे घेतो, असे सांगितले. ते म्हणाले, “ठीक. त्या दुसऱ्या पुस्तकातल्या बाईचे नाव काय?” मी म्हणालो, “दाऊ.” ते म्हणाले, “ते तर नवऱ्याचे.” खरेच होते. मी तिला सगळीकडे नवऱ्याच्याच नावाने ओळखत आलो होतो. वर लिहितानाही तसेच लिहिले आहे. घरी येऊन पाने उलटली. तिचे नाव दाओ. त्यांच्या भाषेत हे पीचच्या झाडाचे नाव आहे.