अंगारा आणि पत्र

आपल्या कथांतून एक प्रसंग वारंवार येतो. मूल तापाने फणफणते, आई अंगारा लावते आणि शिकलेला थोरला तो पुसून टाकतो. लेखक थोरल्याच्या बाजूने उभा असतो. हा निवाडा घाईचा आहे. शाहूवाडीच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीवर आषाढातल्या रात्री मूल आजारी पडले, तर आईने जायचे कुठे? जोतिबाला बोललेला नवस हा तिचा सिद्धान्त नसतो. दुसरे दार उघडत नाही, म्हणून तिने ते ठोठावलेले असते. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ (१९८६) मध्ये आषाढातली देवकार्ये आणि अंगात येणे लिहिले, ते दारिद्र्यासकट. म्हणून त्यांची टीका पटते.

मग संकटात देव चालेल काय? नाही. जुलै १९२६ मध्ये बाबासाहेबांचा राजरत्न गेला. त्याच्यासह चार अपत्ये त्यांनी गमावली. ते दुःख त्यांनी ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांना पत्रातून कळवले. मन मोकळे करायला त्यांना माणूस होता. पुढे मार्च १९२७ मध्ये ते महाडच्या चवदार तळ्यावर उभे राहिले.

१९५६ च्या बावीस प्रतिज्ञांनी आपण देव नाकारले. पण त्या आईला तिचा दत्तोबा मिळाला काय? अंगारा पुसणारा हात आपण पुष्कळ रंगवला. आता पावसात मूल खांद्यावर घेऊन दवाखान्याची वाट धरणारा हात लिहिला पाहिजे. आणि लिहिण्याआधी तो आपला असला पाहिजे.