नाट्यानुभव आणि श्रवणसाहाय्य : एक चिकित्सा

नाट्यप्रयोग हा नट व प्रेक्षक यांच्यातील जिवंत संवाद होय. श्रवणबाधित प्रेक्षक मात्र या संवादाबाहेर राहतो. केवळ आवाज वाढवून ही उणीव भरून निघत नाही. कारण श्रवणयंत्र दूरच्या संवादाबरोबर सभागृहातील घुमारा व कुजबुजही मोठी करते. विद्युत्-चुंबकीय ‘लूप’ मायक्रोफोनने टिपलेला संवाद थेट श्रवणयंत्रातील टेलिकॉइलपर्यंत पोहोचवितो. अवरक्त प्रणालीत प्रेक्षकाला निराळे उपकरण कानी लावावे लागते. पहिल्या पद्धतीत प्रेक्षक चारचौघांत वेगळा दिसत नाही, हा तिचा मोठा गुण. तथापि दोन्ही साधने काहीएक श्रवणशक्ती गृहीत धरतात. लंडनच्या नॅशनल थिएटरने २०१८ मध्ये आणलेल्या चष्म्यांत संवाद अक्षररूपाने दिसतात. येथे कसोटी वेगळी आहे : अक्षरे नटाच्या आधी उमटली, तर विराम व विनोद दोन्ही वाया जातात. म्हणून साधन बसविले की नाही, यापेक्षा नाट्यक्षण प्रेक्षकाला यथाकाल लाभला की नाही, हा निकष महत्त्वाचा ठरतो. भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सांस्कृतिक जीवनातील समान सहभाग हा हक्क मानला आहे. साहजिकच अशी सोय हा नाट्यगृहाचा उपकार नव्हे, तर त्याचे कर्तव्य होय.