शेजारच्या बाकावरचे उत्तर

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांचे ‘पीअर इन्स्ट्रक्शन’ हे पुस्तक १९९७ साली आले. ‘वर्गात चर्चा घडवा’ एवढेच त्याचे सार आपल्याकडे सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते.

किचकट गणिते सोडवणारी मुले बलाविषयीच्या साध्या प्रश्नांत अडखळतात, हे दिसल्यावर माझुर यांनी व्याख्यानाचे तुकडे केले. एक प्रश्न, प्रत्येकाचे स्वतंत्र उत्तर, शेजाऱ्याशी वाद, पुन्हा उत्तर, मग स्पष्टीकरण. यातली कळीची पायरी स्वतंत्र उत्तराची. ती गाळली, तर चर्चेत मोठा आवाजच जिंकतो. हुशार मुलगा इतरांना शिकवतो, एवढाच याचा अर्थ नाही. २००९ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात, आधी कोणालाच बरोबर उत्तर न आलेल्या गटांतली मुलेही चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरच्या नव्या प्रश्नात सुधारली.

आपल्याकडे यात भाषेचा प्रश्न मिळवावा लागतो. इंग्रजी व्याख्याने डोक्यावरून गेली म्हणून मी कॉलेज सोडले. जे थोडे उमगले, ते शेजारच्या मित्राने मराठीत कुजबुजलेले. त्या कुजबुजीबद्दल आम्हांला वर्गाबाहेर काढले जाई. शिकणे नेमके तिथेच चालू होते.